घुमट आरतीच्या ध्वनिमुद्रणात कॉम्प्रेसर वापरताना

गोव्यात घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटली जाणारी घुमट आरती आवाजाच्या एका पातळीवर कधीच चालत नाही. पहिले कडवे ठाय लयीत, एकट्या गायकाच्या आवाजात सुरू होते, झील ओढणारे, म्हणजे मागून साथीने गाणारे, त्याला येऊन मिळतात, घुमटाचे बोल भरत जातात, लय वाढत जाते आणि शेवटच्या कडव्यांना घुमट, काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि कासाळी, म्हणजे झांजा, एकाच वेळी टिपेला पोहोचतात. आमच्याकडे याला आरती चढणे म्हणतात, आणि ज्या मंडळाची आरती चढत नाही त्याचे वादन कितीही निर्दोष असले तरी ऐकणाऱ्यांचे समाधान होत नाही. समोर बसून ऐकताना कान हा सगळा फरक सहज पेलतो. तीच आरती मोबाइलच्या लहान स्पीकरवर किंवा चालत्या गाडीत लावली, तर मात्र सुरुवातीचे शब्द ऐकू येत नाहीत, आणि ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की शेवटी कासाळी कानात घुसतात. हा फरक आटोक्यात आणण्यासाठी ध्वनिमुद्रणात जे साधन वापरतात ते म्हणजे कॉम्प्रेसर. चढउतार कमी करण्यासाठीच बनलेले हे साधन, चढ हाच जिचा प्राण आहे अशा आरतीवर वापरताना काय काय करावे लागले, ते या लेखात मांडत आहे.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळाने चतुर्थीपूर्वी आपल्या आरत्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. श्रावणात तालमी सुरू असतात, हात आणि गळे दोन्ही तयार असतात, आणि चतुर्थीच्या रात्रींच्या जागरणांनी आवाज अजून बसलेले नसतात, म्हणून तोच काळ निवडला. जागा म्हणून एका जुन्या घराची वसरी, म्हणजे ओसरी, मिळाली. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौले, एका बाजूला राजांगण, म्हणजे घरामधला उघडा चौक, त्यामुळे सिमेंटच्या चौकोनी खोलीत आवाज जसा भिंतींवर आपटून परत येतो तसा तो येथे येत नव्हता. अडचण पावसाची होती. कौलांवर पडणाऱ्या सरीचा आवाज मायक्रोफोन टिपतोच, आणि नंतर कॉम्प्रेसर त्याचे काय करतो हे माहीत असल्यामुळे सर थांबेपर्यंत सगळ्यांनी हात आवरून बसायचे, हा नियम मी पहिल्यापासून लावून घेतला.

पाऊस आणि कॉम्प्रेसर यांचा संबंध समजण्यासाठी या साधनाचे काम थोडक्यात सांगितले पाहिजे. कॉम्प्रेसरमध्ये आपण एक उंबरठा ठरवतो, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. आवाज त्याच्या खाली असेपर्यंत कॉम्प्रेसर काही करत नाही. वर गेला की जेवढा वर गेला त्याच्या ठरावीक हिश्शानेच तो पुढे सोडतो. हा हिस्सा रेशो ठरवतो. डिजिटल मुद्रणात आवाजाची कमाल पातळी शून्य डेसिबल धरतात आणि बाकीच्या पातळ्या तिच्या खाली, उणे मोजतात. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे आणि गायकाची एक हाक उणे ८ वर गेली, म्हणजे उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेली, तर ४:१ या रेशोने त्यातले ३ डेसिबलच पुढे जातात आणि उरलेले ९ दाबले जातात. अशा रीतीने मोठे आवाज खाली आले की संपूर्ण ट्रॅकची, म्हणजे एका मायक्रोफोनच्या मुद्रणाची, पातळी मेकअप गेनने पुन्हा वर घेता येते, आणि तेव्हाच हळू शब्द ऐकू येऊ लागतात. पण मेकअप गेन हळू शब्दांना आणि पावसाला वेगळे ओळखत नाही. सहा डेसिबल वर घेतले की दोन ओळींमधल्या शांततेतला पाऊस, पंख्याची घरघर, शेजारच्या माणसाचा श्वास हे सगळे सहा डेसिबलने वर येते. म्हणून कॉम्प्रेसरचे निम्मे काम मायक्रोफोन लावतानाच होत असते, असे माझे मत आहे आणि या कामात ते आणखी पक्के झाले.

मुद्रण करतानाच आवाज कॉम्प्रेसरमधून घ्यावा की नंतर मिक्स करताना, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, दाबावा, हा प्रश्न मला मंडळातल्या एका तरुण वादकाने विचारला होता. कॉम्प्रेसर आणि लिमिटर ही साधने १९३०च्या दशकात रेडिओच्या प्रक्षेपणासाठी वापरात आली, कारण आवाज मर्यादेबाहेर गेला की प्रक्षेपक तो फाटका करून सोडत असे. पुढे चुंबकीय फितीवर मुद्रण होऊ लागले तेव्हा फितीची स्वतःची खरखर खाली आणि फाटण्याची मर्यादा वर, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात गाणे बसवावे लागे, म्हणून आत येतानाच दाबणे सोयीचे होते. आज २४ बिटमध्ये मुद्रण करताना कागदावर १४४ डेसिबलचा पट्टा मिळतो, १६ बिटला तो ९६ असतो. प्रत्यक्षात मायक्रोफोन आणि त्याचा संकेत वाढवणारा प्रीअँप यांच्या खरखरीमुळे तो बराच कमी होतो, तरीही आरतीतला सर्वांत मोठा ठोका उणे १० ते उणे १२ डेसिबलवर राहील इतकी जागा वर सोडून निर्धास्तपणे मुद्रण करता येते. आत येताना दाबलेला आवाज नंतर मोकळा करता येत नाही. म्हणून मी मुद्रण करताना कॉम्प्रेसर लावला नाही. ज्यांच्याकडे चांगले हार्डवेअर आहे आणि ज्यांना आपल्याला काय हवे ते आधीच पक्के माहीत आहे त्यांनी हलके दाबून घेण्यात गैर काही नाही. घुमटाच्या बाबतीत मात्र मला तितकी खात्री आधी नव्हती.

बैठक ठरवण्यात बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. स्टुडिओत वाद्ये वेगवेगळी मुद्रित करतात, पण आरतीचे वादक एकमेकांच्या हाताकडे आणि चेहऱ्याकडे पाहून लय वाढवतात, त्यांना हेडफोन घालून वेगवेगळ्या वेळी बसवले तर चढ येणारच नाही. म्हणून सगळे नेहमीप्रमाणे गोलात बसले. मुख्य गायकासमोर आणि घुमटांसमोर एका दिशेने ऐकणारे कार्डिऑइड मायक्रोफोन ठेवले, झील ओढणाऱ्यांसाठी थोड्या अंतरावर एक कंडेन्सर, म्हणजे अधिक संवेदनशील मायक्रोफोन, आणि सगळ्या बैठकीसाठी समोर दोन कंडेन्सरांची जोडी. कार्डिऑइड मायक्रोफोन आपल्या पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो, म्हणून कासाळी वाजवणाऱ्याला मी गायकाच्या मायक्रोफोनच्या नेमके पाठीमागे, गायकाच्या समोर बसवले. गायकाच्या ट्रॅकमध्ये कासाळी जितकी शिरतील तितका त्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावणे अवघड होते, कारण गायक थांबला की कॉम्प्रेसर सुटतो आणि मागची कासाळी लाटेसारखी वर येतात. काशाच्या या झांजांचा आवाज पूर्ण टाळणे एका वसरीत शक्य नव्हते, पण तो पुरेसा मागे राहिला.

मिक्स करायला बसल्यावर पहिले काम कॉम्प्रेसरचे नव्हते. मुख्य गायकाचा ट्रॅक सुरुवातीपासून ऐकत, ओळीओळीने त्याची पातळी मी हाताने वरखाली केली. एखादी ओळ गायक मान वळवून गातो आणि ती बुडते, एखाद्या शब्दावर तो पुढे झुकतो आणि मायक्रोफोनजवळ आल्याने खर्ज फुगतो. या गोष्टी कोणत्या अर्थाने घडल्या हे ऐकणाऱ्याला कळते, कॉम्प्रेसरला कळत नाही. देवाच्या नावावर गायकाने मुद्दाम दिलेला जोर आणि ओळीच्या शेवटी श्वास अपुरा पडल्याने आलेला धक्का हे दोन्ही त्याच्या दृष्टीने उंबरठ्यावरचे सारखेच डेसिबल असतात. म्हणून मोठे, सावकाश होणारे फरक हाताने काढायचे आणि हाताला पकडता न येणारे क्षणिक फरकच कॉम्प्रेसरवर सोपवायचे, अशी विभागणी मी केली. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दुसरा उपाय नाही. पण ते केले की पुढे कॉम्प्रेसरला नऊ डेसिबल दाबायची वेळ येत नाही, तीन-चारवर भागते, आणि आवाज दाबल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

गायकाच्या आवाजासाठी एका कॉम्प्रेसरऐवजी दोन, एकामागून एक लावले. ही पद्धत जगभर रूढ आहे आणि तिच्यामागे दोन जुन्या यंत्रांचा स्वभाव आहे. १९६७ साली बिल पुटनम यांनी आणलेले ११७६ हे यंत्र ट्रान्झिस्टरच्या एका विशिष्ट प्रकारावर चालते आणि त्याचा अटॅक, म्हणजे आवाज उंबरठ्यावर गेल्यापासून तो दाबायला लागणारा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद इतका कमी असतो. त्याउलट त्याच दशकातल्या एलए-२ए या यंत्रात आवाजाबरोबर उजळणारा एक प्रकाशमान पत्रा आणि त्या प्रकाशाने रोध बदलणारा घटक असतो. त्यामुळे ते सावकाश दाबते, निम्मे चटकन सोडते आणि उरलेले काही सेकंदांत सोडते. त्यावर अटॅक आणि रिलीज, म्हणजे दाब सुटण्याचा वेळ, यांची बटणे नाहीतच. माझ्याकडे ही यंत्रे नाहीत, त्यांच्या स्वभावाची नक्कल करणारी संगणकावरची प्लगइन आहेत. पहिल्या, चपळ कॉम्प्रेसरने फक्त टोकाचे उच्चार दोन-तीन डेसिबलने पकडायचे आणि दुसऱ्या, संथ कॉम्प्रेसरने सगळ्या ओळीला दोनेक डेसिबलचा आधार द्यायचा. एकाच कॉम्प्रेसरकडून दोन्ही कामे करून घेतली की आवाज घट्ट आणि दमलेला वाटतो. दाबल्यामुळे स, श आणि च हे उच्चार पुढे आले, तेव्हा सहा-सात किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करणारा डी-एसर शेवटी लावला. श्वास मात्र मी काढले नाहीत. आरतीत श्वास ऐकू येणे मला खटकत नाही.

घुमटावर सर्वाधिक वेळ गेला. मातीच्या या मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डावा तळवा उघड्या तोंडावर उघडझाप करत आतल्या हवेचा नाद वळवतो. पूर्वी यासाठी घोरपडीचे कातडे वापरत, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले ते या बदलानंतरच शक्य झाले. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने पाहता या वाद्याचे दोन आवाज आहेत: कातड्यावरची थाप, जी काही मिलिसेकंदांत संपते, आणि मागून येणारा घुमणारा नाद, जो लांबतो आणि डाव्या हाताने वाकतो. उघड्या तोंडाशी मायक्रोफोन धरला तर हवेचे झोत बसतात आणि नुसता घुमारा येतो. कातड्यासमोर धरला तर थाप येते पण घुमट घुमटासारखे वाटत नाही. शेवटी कातड्याच्या बाजूने, थोडा तिरका आणि हातभर अंतरावर ठेवलेला मायक्रोफोन मला सर्वांत खरा वाटला.

या दोन आवाजांपैकी कोणता पुढे आणायचा, हे कॉम्प्रेसरच्या अटॅकवर ठरते. अटॅक एक मिलिसेकंदाच्या आसपास ठेवून ऐकले तेव्हा थाप दबली, नाद तेवढा उरला आणि वादन ओल्या कापडावर चालल्यासारखे मऊ झाले. अटॅक हळूहळू वाढवत २५ ते ३० मिलिसेकंदांवर आणला तेव्हा थाप पूर्ण सुटून जाऊ लागली आणि कॉम्प्रेसर तिच्या मागच्या नादालाच धरू लागला. प्रत्येक बोल स्पष्ट झाला. मग रिलीज, म्हणजे आवाज उंबरठ्याखाली गेल्यावर दाब सुटायला लागणारा वेळ, कमी करत गेले तसा दोन बोलांमधला नाद वर येऊ लागला. येथे एक मर्यादा मात्र पाळावी लागते. आमच्या मोठ्या घुमटाचा खालचा नाद १०० हर्ट्झच्या आसपास होता, म्हणजे त्याचे एक आंदोलन १० मिलिसेकंदांचे. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याच्या जवळपास आणले की कॉम्प्रेसर बोलाऐवजी आंदोलनाच्या प्रत्येक लाटेलाच दाबू आणि सोडू लागतो, लाटेचा आकार बदलतो आणि नादात खरखर मिसळते. ढोलाच्या किंवा बेस गिटारच्या ट्रॅकवर काही जण ही खरखर मुद्दाम आणतात. घुमटाच्या वळणाऱ्या नादावर ती मला अजिबात नको होती.

दमट हवेचाही येथे परिणाम होतो. श्रावणात कातडे सैल पडते, वादक ते ऊब देऊन पुन्हा ताणतात, आणि त्यामुळे बैठकीच्या सुरुवातीचा ठोका आणि तासाभरानंतरचा ठोका यांच्या पातळीत आणि स्वरात फरक पडतो. एका आरतीसाठी लावलेला थ्रेशोल्ड दुसऱ्या आरतीला जसाच्या तसा लागू पडला नाही. कातडे ताणलेले असताना थापेची टोके उंच जातात आणि कॉम्प्रेसर जास्त काम करतो, सैल पडल्यावर तो जवळजवळ झोपूनच राहतो. प्रत्येक आरतीसाठी दाबाचा मीटर पाहून थ्रेशोल्ड पुन्हा लावला.

शामेळावर फार काही करावे लागले नाही. काठ्यांनी वाजणाऱ्या या वाद्याचा ठोका आधीच टणक आणि सारखा असतो. कासाळ्यांवर तर मी कॉम्प्रेसर लावलाच नाही. झांजेचा आवाज दाबला की आघात मागे पडतो आणि मागची सळसळ फुगते, ती ऐकवत नाही. त्यांना फेडरने, म्हणजे पातळीच्या सरकत्या बटणाने, खाली ठेवले आणि समोरच्या जोडीत ती जितकी येत होती तितकी पुरेशी मानली.

सगळे ट्रॅक एकत्र करून पहिला मिक्स तयार झाला तेव्हा तो मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ वादकांना, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ऐकवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण आरती ऐकली आणि म्हणाले, "बाय, शब्द सगळे कळतात, घुमटही छान वाजते. पण शेवटी आरती उठायला हवी तिथे ती बसते." ते तांत्रिक भाषेत बोलत नव्हते, पण त्यांचे निरीक्षण इतके अचूक होते की मीटर उघडून पाहिल्यावर कारण लगेच सापडले.

कारण लयीत होते. आरतीची सुरुवात मिनिटाला सुमारे ९० मात्रांच्या लयीत आहे, म्हणजे एक मात्रा जवळजवळ ६७० मिलिसेकंदांची. घुमटाच्या ट्रॅकवर आणि सगळ्या मिक्सवर रिलीज ३०० मिलिसेकंदांच्या आसपास होता. या लयीत ठोका पडतो, मीटरची सुई खाली जाते आणि पुढचा ठोका येण्याच्या आत निवांत शून्यावर येते. शेवटी लय दुप्पट होऊन १८० मात्रांवर जाते, मात्रा ३३० मिलिसेकंदांची होते, आणि त्यातही वादक एका मात्रेत दोन बोल भरतात, म्हणजे दर १६५ मिलिसेकंदांनी एक ठोका. तीनशे मिलिसेकंदांत सुटणाऱ्या कॉम्प्रेसरला आता सुटायला वेळच मिळत नाही. पहिल्या ठोक्याचा दाब निघण्याआधी दुसरा येतो, त्यावर तिसरा, आणि सुई पाच-सहा डेसिबल खाली जाऊन तिथेच थबकते. वादक जीव ओतून वाजवत असतात, आणि ते जितके जोरात वाजवतात तितका कॉम्प्रेसर त्यांना अधिक खाली धरून ठेवतो. आरती बसते ती यामुळेच.

याचा अर्थ रिलीज हा लयीशी बांधलेला असतो, आणि ज्या रचनेत लय बदलते तिथे एकच रिलीज सबंध रचनेला पुरणार नाही. पाश्चात्त्य पॉप संगीतात बहुतेक वेळा लय एकच असते, त्यामुळे त्या संगीतासाठी सांगितलेले आकडे आपल्याकडे आरती, भजन किंवा बढत असलेल्या ख्यालाला तसेच्या तसे लावता येत नाहीत. मी आरतीचे लयीप्रमाणे भाग पाडले आणि रिलीजला ऑटोमेशन दिले, म्हणजे तो ठरलेल्या जागी आपोआप बदलेल असे केले: ठाय भागात ३००, मध्य लयीत २०० आणि शेवटच्या कडव्यांना १२० मिलिसेकंद. हे आकडे गणिताने काढून तिथेच थांबले असे नाही, कारण रिलीजचा आकडा वेगवेगळ्या कॉम्प्रेसरमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो आणि एका प्लगइनमधले १२० दुसऱ्यातल्या १२०सारखे वागतीलच असे नाही. आकडा जवळपास नेऊन ठेवायचा आणि मग सुई लयीबरोबर हलते आहे का, पुढच्या ठोक्याआधी ती वर येते का, हे पाहत कानाने ठरवायचे. आणखी एक गोष्ट केली. शेवटच्या भागात थ्रेशोल्डही तीन डेसिबलने वर नेला, म्हणजे सगळे वादन टिपेला असताना कॉम्प्रेसरचा हात मुद्दाम हलका केला. पुस्तकी शिकवण याच्या उलट आहे, कारण कॉम्प्रेसर मोठ्या आवाजासाठीच असतो. पण सुरुवातीचे हळू शब्द हाताने आधीच वर आणलेले असल्यामुळे शेवटी तीन डेसिबल जास्त सोडायला जागा होती, आणि ते तीन डेसिबल ऐकणाऱ्याला चढ म्हणून पोहोचतात.

सगळ्या मिक्सवर जो कॉम्प्रेसर बसतो त्याबाबत एकच मुद्दा सांगण्याजोगा आहे. मानवी कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, पण मीटरवर त्यांची ऊर्जा मोठी असते. त्यामुळे घुमटाच्या प्रत्येक खर्ज बोलावर पूर्ण मिक्स खाली जात होता, त्याबरोबर गायकही खाली जात होता, आणि पुन्हा वर येत होता. हा हिंदोळा टाळण्यासाठी कॉम्प्रेसर ज्या संकेतावर निर्णय घेतो त्या साइडचेनमधून १५० हर्ट्झच्या खालचा भाग गाळून टाकला. ऐकू येणाऱ्या आवाजातून काहीच जात नाही, फक्त कॉम्प्रेसरला घुमटाचा खर्ज दिसेनासा होतो. रेशो २:१, अटॅक ३० मिलिसेकंद आणि दाब कधीच दोन डेसिबलपेक्षा जास्त नाही, इतकेच ठेवले.

मोबाइलवर घुमट ऐकू यावे, ही मंडळाची रास्त अपेक्षा होती. फोनचा लहानसा स्पीकर १०० हर्ट्झचा नाद जवळजवळ देतच नाही, तो कॉम्प्रेसरने कितीही वर आणला तरी उपयोग नसतो. येथे समांतर कॉम्प्रेशन कामी आले. घुमटाच्या ट्रॅकची एक प्रत घेऊन ती दहा-बारा डेसिबल सडकून दाबली, तिच्यात थोडे सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाची हलकी फाट, मिसळून वरचे उपस्वर निर्माण केले, तिचा खर्ज गाळला आणि ती मूळ ट्रॅकखाली अगदी हळू सोडली. मूळ घुमटाचा चढउतार जसाच्या तसा राहतो आणि प्रतीतले उपस्वर फोनवरही नादाची जाणीव करून देतात. जी खरखर मूळ ट्रॅकवर मला नको होती तीच येथे, मोजक्या प्रमाणात आणि वेगळ्या ट्रॅकवर, हवी होती. मांडो या गोव्याच्या गीतप्रकारात व्हायोलिनबरोबर घुमट किती हळू आणि लांबवत वाजवतात हे ज्यांनी ऐकले आहे त्यांनी हा उपाय तिथे करू नये असे मी सुचवीन. तो आरतीच्या भरगच्च वादनासाठी आहे.

या सगळ्या कामात एक शिस्त मी सोडली नाही. कॉम्प्रेसर लावल्यानंतरचा आवाज आणि तो बायपास केलेला, म्हणजे वगळलेला, आवाज यांची पातळी सारखी करूनच तुलना करायची. मेकअप गेनमुळे आवाज एखाद-दीड डेसिबल जरी वाढला तरी कानाला तोच अधिक चांगला वाटतो, मग सेटिंग वाईट का असेना. पातळी सारखी करून ऐकल्यावर ज्या सेटिंगचा फायदा उरला नाही ती मी काढून टाकली, आणि अशी सेटिंग बरीच निघाली.

शेवटी एकूण मोठेपणाचा प्रश्न. मंडळातल्या तरुणांना आपली आरती इतर गाण्यांइतकी मोठी वाजावी असे वाटत होते. आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत २००६ सालच्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस १७७० या मानकाने ठरली आणि ती एलयूएफएस या एककात मोजतात. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्यांची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणतात, म्हणजे त्याहून मोठे गाणे दिले तर ते खाली केले जाते. दाबून दाबून उणे ८वर नेलेली आरती तिथे सहा डेसिबलने खाली येईल आणि तिचा चपटेपणा तेवढा शिल्लक राहील. हे आकडे त्यांना समजावून सांगितले, आणि दोन्ही प्रकारे केलेली आरती एकाच पातळीवर लावून दाखवली. मोकळी आरती शेवटी उठत होती, दाबलेली जिथल्या तिथे होती. त्यानंतर कुणी आग्रह धरला नाही. आमच्या आरत्या उणे १५ ते उणे १६च्या दरम्यान राहिल्या, सर्वांत उंच टोक उणे १ डेसिबल ट्रू पीकवर, म्हणजे लाटेच्या खऱ्या टोकाच्या मापाने उणे १वर, कारण एमपी३सारख्या लहान फाइलमध्ये रूपांतर होताना टोके मूळच्या थोडी वर जातात आणि तेवढी जागा नसेल तर फाटतात.

बदललेला मिक्स नानांनी पुन्हा ऐकला तो घरातल्या लहान रेडिओवजा स्पीकरवर, आणि शेवटच्या कडव्याला त्यांचा हात मांडीवर दुप्पट लयीत चालू होता. एक सूचना त्यांनी केली: दुसऱ्या आरतीत मुख्य गायक आणि झील यांच्या मधला जोड जरा उघडा पडतो, तो भरून यावा. झिलीच्या ट्रॅकवरचा अटॅक थोडा वाढवून पहिले अक्षर मोकळे सोडले, तेवढ्याने काम झाले. मंडळाला २४ बिटच्या पूर्ण फाइली आणि फोनसाठी लहान फाइली अशा दोन्ही दिल्या, आणि कोणताही कॉम्प्रेसर न लावलेले मूळ ट्रॅक वेगळ्या डिस्कवर ठेवून तीही त्यांच्याकडेच सोपवली, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला अधिक चांगल्या कानाने हे काम पुन्हा करायचे असेल तर करता येईल.